पाककृती एक नाही, हॉप्स एक
'महिला दिनाला जगभरच्या ब्रुअर बायका एकच बिअर करतात' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. बिअर-व्यवसायातल्या बायकांच्या पिंक बूट्स सोसायटी या संस्थेच्या (स्थापना २००७, टेरी फारेनडॉर्फ) ब्रू डेला, म्हणजे त्या निमित्ताने बिअर बनवण्याच्या दिवशी, सारखं असतं ते फक्त हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचं) मिश्रण. याकिमा चीफ ही हॉप्स कंपनी २०१८पासून ते दरवर्षी नव्याने काढते, विक्रीतला वाटा सोसायटीच्या शिष्यवृत्त्यांना जातो. फिकी लागर करा नाहीतर काळी स्टाउट, जिची तिची मर्जी.

मिश्रण दरवर्षी बदलतं, म्हणूनच मागच्या वर्षीचं हॉप्सचं माप जसंच्या तसं उचलू नका. पाकिटावरचं अल्फा अ‍ॅसिडचं (हॉप्समधल्या कडू घटकाचं) प्रमाण बघून कडवटपणा पुन्हा मोजा. तासभराच्या उकळीत हे मिश्रण टाकणं म्हणजे सुगंध वाफेवर घालवणं, तिथे कडवटपणासाठी मॅग्नम जातीचे हॉप्स पुरे. २० लिटरला साधारण ५० ग्रॅम आच बंद केल्यावर, वर्ट (न आंबलेला माल्टचा गोड रस) ८० अंशांवर आलं की २० मिनिटं. मग ८० ग्रॅम ड्राय हॉपिंगला (न उकळता थेट आंबलेल्या बिअरमध्ये), तीन दिवस. फसतं ते इथेच. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेले डेक्स्ट्रिन (यीस्टला न पचलेली पिष्टमय शर्करा) फोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बिअरला बटर पॉपकॉर्नचा वास येतो. बाटल्या भरण्याआधी बिअरचा झाकलेला नमुना ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवून, गार करून हुंगा. वास आला तर अजून दोन-तीन दिवस यीस्टवरच राहू द्या. घाईने बाटल्या भरल्या तर उघडताना फवारा उडतो.