फ्रेंच : गुणांपुरती की बोलण्यापुरती?

‘फ्रेंच घेतली की गुण पडतात, यापलीकडे तिचा उपयोग काय?’ हा शाळेतल्या फ्रेंचविषयीचा प्रश्न रास्त आहे. पण दोष भाषेचा नसून शिकवण्याच्या रीतीचा आहे. माझी भाची ‘एत्र’ (असणे) आणि ‘आव्वार’ (जवळ असणे) या क्रियापदांची रूपे पाढ्यांसारखी घडाघडा म्हणते, मात्र रंकाळ्यावर भेटलेल्या फ्रेंच पर्यटकापुढे ‘बाँझूर’च्या (नमस्काराच्या) पलीकडे तिची गाडी सरकली नाही. याउलट कॅनडातील क्यूबेक प्रांतात सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून बालवाडीपासून फ्रेंचमधूनच शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. आपल्याकडे तेवढे शक्य नाही (इंग्रजी माध्यमाच्या रूपाने आपण तेच करतो आहोत, हा भाग वेगळा!), पण निम्मे गुण तोंडी परीक्षेला ठेवायला काय हरकत आहे?