‘पब’ला मराठीत काय म्हणावं?

थेम्सकाठी
परवा साताऱ्याच्या मावशीला फोनवर सांगितलं, ‘शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातले सगळे पबमध्ये जातो.’ पलीकडे शांतता. मग हळूच प्रश्न: ‘तिथं नाचावं लागतं का रे?’ तिची काही चूक नाही. आपल्याकडे पब म्हणजे अंधार, कानठळ्या बसवणारी गाणी आणि दारात मनगटावर शिक्का मारणारा पहिलवान. मी इथं लंडनमध्ये जातो तिथं गालिचा विटलेला असतो, लाकूड काळं पडलेलं असतं आणि शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येतं. शब्द ‘पब्लिक हाउस’वरून आलाय, म्हणजे चारचौघांना उघडं असलेलं घर. याला मराठीत काय म्हणू? ‘गुत्ता’ म्हणवत नाही आणि ‘मद्यालय’ म्हटलं की सरकारी फलक डोळ्यांपुढे येतो.

लातूरकर
गुत्त्याला एवढं हिणवू नका हो. आमच्याकडे रस्त्याचं काम घेतो तो आजही गुत्तेदारच. गुत्ता म्हणजे ठेका, कानडीत गुत्तिगे. दारूविक्रीचा ठेका कुणाला तरी मिळायचा, आणि ठेक्याचं नाव दुकानाला चिकटलं. शब्द हिशेबाच्या वहीतला, बदनाम नंतर झाला. पण तुमच्या जागेला शोभणार नाही हे खरं. गुत्त्यात माणूस घशात ओतून निघतो.

गिरगावकर
आणि ‘बसतो’ कुठे? मराठीत पिण्याचं क्रियापदच बसणे आहे. ‘आज बसायचं का?’ याचा अर्थ कुणी विचारत नाही. त्या बसण्याची जागा म्हणजे परमिट रूम. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला परवाना लागू लागला, त्यातून हे नाव आलं. नावातच चोरटेपणा आहे, म्हणून पबला चालणार नाही.

बार्देशी
गोव्यात आमचा ‘तावेर्न’ आहे की. पोर्तुगीजांकडून आलेला, पण आता घरचाच. दोन बाकं, फेणीची बाटली, रोजची तीच चार माणसं. थेम्सकाठी, आधी सांगा तुमचा पब चांगला कशावरून ठरतो? मग शब्द बघू.

थेम्सकाठी
विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. पहिली खूण म्हणजे खोल्या. जुन्या पबात एकच हॉल नसायचा. कामकऱ्यांचा ‘पब्लिक बार’ स्वस्त, बाबू लोकांचा ‘सलून बार’ दोन पैसे महाग, आणि गुपचूप बसायला ‘स्नग’ नावाची खोली, म्हणजे चक्क ऊबदार खबदाड. पुढं बहुतेक ठिकाणी भिंती पाडून सगळं मोकळं केलं आणि तिथली मजा गेली, असं माझं ठाम मत. लंडनच्या हॉबर्न भागातल्या ‘प्रिन्सेस लुईस’ पबात नक्षीदार काचांचे कप्पे अजून पाहायला मिळतात. ब्लूम्सबरीतल्या ‘द लॅम्ब’मध्ये तर गल्ल्याच्या वर डोळ्यांच्या उंचीला छोट्या फिरत्या काचा आहेत. गिऱ्हाइकाचा चेहरा वाढणाऱ्याला दिसू नये यासाठी! आपल्या इराण्याच्या ‘फॅमिली रूम’चा पडदा आठवला.

दुसरं, पंप. चांगल्या जागी पिंपातली बीअर हातपंपानं ओढून देतात. तिच्यात वरून वायू भरलेला नसतो आणि ती बर्फगार नसते, साधारण ११ ते १३ अंशांवर असते. मुंबईकर पहिल्या घोटाला ‘गरम आहे’ म्हणून तोंड वाकडं करतो, मीही केलं होतं. ही पद्धत मरायला टेकली होती. १९७१ साली काही बीअरप्रेमींनी ‘कॅमरा’ ही संघटना काढून ती वाचवायची मोहीम धरली. माप पाइंटचं, म्हणजे ५६८ मिलिलिटर, काटेकोर.

तिसरं, ‘राउंड’. टीटीएमएमच्या अगदी उलट. चौघं गेलो तर एकेकानं आळीपाळीनं चौघांचं आणायचं. स्वतःची पाळी आली की ज्याला फोन येतो, त्याचं नाव महिनाभर निघतं. टेबलाशी वेटर येत नाही, गल्ल्यापाशी आपणच जायचं. तिथं रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे वाढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि घंटा! बंद व्हायच्या आधी शेवटच्या मागणीसाठी वाजते. वेळेचं बंधन जुनं: पहिल्या महायुद्धात दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला तो, रविवार सोडला तर, थेट १९८८मध्ये सुटला.

पोथीवाला
तुमचं वर्णन वाचून उठलोच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे मद्यावरच्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. पानागार, म्हणजे पिण्याची जागा, कसं असावं? अनेक कक्ष असलेलं, निरनिराळ्या बैठका मांडलेलं, गंध, माळा, पाणी ठेवलेलं आणि ‘ऋतुसुख’, म्हणजे ज्या त्या ऋतूत सुखाचं. खोल्या आल्याच की. शिवाय कोण ऐपतीबाहेर उधळतोय यावर नजर ठेवायला तिथं हेर नेमावेत असंही आहे. मी ‘पानागार’ला मत देतो.

लातूरकर
पानागार म्हटलं की लोक विडा मागतील.

थेम्सकाठी
😄 खरंय. पण ‘ऋतुसुख’ मी उचलला. हिवाळ्यात शेकोटीजवळची खुर्ची आणि जूनमध्ये मागच्या अंगणातलं बाक, हे दोन्ही असलेला पब खरा. पबला नाही, निदान पबच्या गुणाला तरी शब्द मिळाला.

गिरगावकर
मग नाव ‘पब’च राहू दे, त्याला मराठीत नांदवा. वर तुम्ही स्वतः आधी ‘पबमध्ये’ लिहिलंत आणि नंतर ‘जुन्या पबात’. हॉटेलात, बँकेत, ऑफिसात म्हणतोच आपण. ‘पबमध्ये’ म्हणजे अजून पाहुणा.

बार्देशी
आमी तावेर्नांतच वतले.

थेम्सकाठी
काल मावशीला पुन्हा फोन केला. खोल्या, शेकोटी, पाळीपाळीनं आणणं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्या पारावर बसतात तसंच की, फक्त वर छप्पर.’ मग विचारलं, ‘खायला काय देतात?’ खारे शेंगदाणे म्हणालो. ‘एवढंच?’