बाहेरच्या वकिलाकडून मसुदा लिहून घेताना

प्रश्न: मी इंदूर खंडपीठात एकट्याने वकिली करतो. कामाची गर्दी झाली की अपिलाचा मसुदा एका तरुण वकीलबाईंकडून मोबदला देऊन लिहून घेतो. तो ओळीओळीने तपासतो, आणि वकालतनामा माझ्याच नावाचा असतो. हे पक्षकाराला सांगावे का?

उत्तर १: सांगावे, आणि संमती लेखी घ्यावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मधील गोपनीयतेचे बंधन वकिलाच्या लिपिकांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे; परंतु बाहेरून काम करणारी व्यक्ती त्यांत मोडते की नाही, हा वाद आपल्या पक्षकाराच्या फायलीवर कशाला ओढवून घ्यायचा?

उत्तर २: मला मोठी भीती हितसंबंधांची वाटते. बार कौन्सिलच्या नियम ३३ नुसार एका पक्षासाठी दाव्याचा मसुदा केलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही, आणि आपल्याकडे सकाळी एका कार्यालयात, संध्याकाळी दुसऱ्या कार्यालयात लिहिणारे कमी नाहीत. म्हणून कागद पाठवण्यापूर्वी फक्त दोन्ही पक्षांची नावे कळवून विचारावे. (व्हॉट्सॲपवर अख्खी फाईल पाठवणे तर टाळाच.)

प्रश्नकर्ता: नावे आधी विचारत नव्हतो, ही चूकच. मोबदल्याचे काय?

उत्तर १: तो खर्च म्हणून बिलात वेगळा दाखवलात, तर दिला तेवढाच लावा. चुकीची जबाबदारी मात्र तुमचीच.