मदत हवी आहे: आमच्या सरांच्या निरोपासाठी ओबो आणि बसून (bassoon) ही फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारे हवेत

नमस्कार. कोथरूडला राहते, एका हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन वाजवते. आमचे कंडक्टर सर पुढच्या महिन्यात हे काम थांबवताहेत. आम्ही चुकलो की चिकटपट्टी गुंडाळलेली बॅटन (कंडक्टरची काठी) स्टँडवर ठेवतात आणि आमचा भाग स्वतः गाऊन दाखवतात. एकमेकांचं ऐकायला त्यांनीच शिकवलं.

त्यांच्यासाठी संगीतकार हायडनच्या 45व्या सिंफनीचा (1772) शेवट बसवतोय. राजपुत्र एस्टरहाझींच्या उन्हाळी महालात अडकलेल्या वादकांना घरची ओढ लागली होती, म्हणून त्यात वादक एकेक करून उठून जातात. शेवटी म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेली दोनच व्हायोलिनं उरतात. त्यातलं एक माझं आहे. सरावात अजून हात थरथरतो.

तारवाद्यं आणि दोन हॉर्न आहेत. दोन ओबो, एक बसून मात्र मिळत नाही. पुण्यात कुणी वाजवतं का? नाहीच मिळाले तर ओबोचा भाग ए क्लॅरिनेटवर, बसूनचा चेलोवर चालेल का? आवाजाचा रंग फार बदलेल? अनुभव असेल त्यांनी सांगा.

शिवाय जाताना प्रत्येकाने आपला दिवा मालवायचा आहे. हॉलमध्ये मेणबत्ती चालणार नाही. स्टँडला अडकवायचे बॅटरीचे दिवे भाड्याने कुठे मिळतील? वीसेक लागतील.

सरांना यातलं काही माहीत नाही, एवढं सांभाळा.