मास्तर, तुरुंग आणि इलेक्शन

वर एका दादांनी लिहिलंय की मास्तरकी केलेल्या माणसाला प्रशासन जमत नाही, तुरुंग तर लांबच. किरण बेदींचं काय मग? आयपीएस व्हायच्या आधी त्या अमृतसरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या की हो. १९७२ ला पोलिसात गेल्या, १९९३ ला दिल्लीच्या तिहार तुरुंगाचा कारभार मिळाला, जागा जेमतेम अडीच हजारांची आणि आत आठ हजारांच्या वर माणसं, त्यातले बहुतेक तर अजून खटला चालू असलेले कच्चे कैदी.

तिथं त्यांनी शाळाच मांडली म्हणा ना. शिकलेला कैदी अडाण्याला शिकवणार. फिरती तक्रारपेटी ठेवली, चिठ्ठी थेट मॅडमकडे, मधला शिपाई, हवालदार कटाप. मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. मी आमच्या शहराच्या पूर्व भागात रात्रशाळेवर शिकवायचो, दिवसभर कापडाच्या मागावर उभी राहिलेली पोरं यायची, बोटाला सुताचा बारीक तूस चिकटलेला, तोंडानं एक शब्द बोलायची नाहीत पण वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहायची, पगार कापला, बाप पिऊन येतो, सगळं.

१९९४ ला हजारेक कैद्यांचं विपश्यना म्हणजे ध्यानाचं शिबिर झालं, ती शिकवणारे गोएंका गुरुजी स्वतः आले होते. त्याच वर्षी बेदींना मॅगसेसे पुरस्कार.

आता आमदारकीचं म्हणाल तर तिथं गाडी अडली. २०१५ ला दिल्लीत कृष्णानगरमधनं उभ्या राहिल्या, भाजपचा मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून, आणि अडीच हजारांहून कमी मतांच्या फरकानं पडल्या. पुदुच्चेरीच्या नायब राज्यपाल झाल्या नंतर, पण तिथल्या सरकारशी रोजची भांडणं बघून मला तरी तिहारवाल्या बाईच बऱ्या वाटतात.