साडीवर शोभतील आणि तीन तास चालतील, असे बूट आहेत का?

सहा_बावीसची_लोकल

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझा चौथा जोड वाया गेलाय म्हणून विचारते.

मी ठाकुर्लीला राहते, सोमवार ते शुक्रवार फोर्टात नोकरी. गेल्या ऑक्टोबरपासून दर रविवारी लोकांना फोर्टातल्या जुन्या इमारती दाखवत फिरवते. सात वाजता सीएसएमटीसमोर जमायचं, मग हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या ३० पायऱ्या, काळा घोडा, राजाबाई टॉवर आणि शेवटी ओव्हल मैदान. तीन तास लागतात. त्यातला निम्मा वेळ तर एका जागी उभं राहून बोलण्यात जातो, आणि पाय खरे तेव्हाच बोंबलतात. घरी पोचेपर्यंत फोन १६ हजार पावलं दाखवतो.

अडचण अशी की मी साडी नेसते. आईच्या इरकली आणि नारायणपेठी पेटीत पडून होत्या, त्या आता रविवारी बाहेर निघतात. हौस म्हणा. ती सोडायची नाहीये.

आतापर्यंतचे प्रयोग:

रनिंगचे पांढरे बूट. पायांची तक्रार शून्य, पण ग्रुप फोटोत मी पीटीच्या बाई दिसते. फक्त शिटी राहिली गळ्यात.

लिंकिंग रोडवरची मोजडी, घासाघीस करून ४०० रुपयांना. दिसायला गोड, तळ पुठ्ठ्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं.

मग ब्लॉक हील. ती गटाराच्या जाळीत अडकली. २२ माणसांसमोर मी फूटपाथवर बसले आणि तशीच बसून राजाबाई टॉवरची माहिती पूर्ण केली. (टाळ्या मिळाल्या, पण चप्पल गेली.)

शेवटी कोल्हापुरी. आधी अंगठ्याला चावली, आणि चावायची थांबते न थांबते तोवर परतीच्या पावसात भिजून फुगली.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड जरा बाहेर आलंय, उजवं पाऊल डाव्यापेक्षा मोठं आहे. बजेट तीन हजार, ताणलं तर साडेतीन. आणि कृपा करून ती चॉकलेटी, जाड, दोन पट्ट्यांची ‘आरोग्य चप्पल’ सुचवू नका. सासूबाईंकडे आहे. त्यांच्याकडेच राहू दे.

गोरेगावचा_गोट्या

ताई, सरळ स्नीकर घाला. माझी बहीण फेअरवेलला साडीवर स्नीकर घालून गेली होती, भारी दिसत होती. लोकांकडे कशाला बघता?

सहा_बावीसची_लोकल

गोट्या, तुझी बहीण वीस वर्षांची असेल. वीस वर्षांच्या मुलीने साडीवर स्नीकर घातले की ती स्टाईल असते. मी ४८ वर्षांची आहे, मी घातले की लोक विचारतात, ‘पायाला काही झालंय का?’

माळ्यावरून_खोका

ताई, दादरला बुटांच्या दुकानात ३१ वर्षं काढली. पहिली चार माळ्यावर: खालून ‘पाच नंबर टॅन’ अशी हाक आली की भोकातून खोका खाली सोडायचा. उरलेली सगळी गिऱ्हाइकाच्या पायाशी, त्या तिरक्या स्टुलावर बसून. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुमचे चारही जोड तुम्ही हातात घेऊन, समोर धरून पसंत केले असणार. सगळेच तसं करतात. बायका जोड काउंटरवर ठेवून मान तिरकी करून बघायच्या, तेव्हा मी विचारायचो, ‘बाई, काउंटरला घालायचाय का?’ मालक ओरडायचा. पण बूट वरून बघायचा नसतो, तो खालून बघायचा.

घरी एक काम करा. कागदावर उभ्या राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल सरळ धरून पावलांभोवती रेघ मारून घ्या. स्वतः वाकून मारलीत तर माप चुकतं. दोन्ही पावलं कापून पर्समध्ये ठेवा. दुकानात आवडलेला जोड त्या कागदावर ठेवायचा. कागद बाजूने बाहेर डोकावला तर तो जोड पायात घालूनही बघू नका. चावणार म्हणजे चावणार. तुमचं ते हाड असतं तिथेच टोकदार बूट सगळ्यात आधी निमुळते होतात, हे तुमच्या लक्षात येईल.

जायचं संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर. पाय तेव्हा सुजलेले असतात आणि रविवारी दहा वाजता ते तसेच असणार आहेत. सकाळी फिट बसलेला जोड घेऊन गेलेली माणसं मंगळवारी बदलायला यायची, हा माझा ३१ वर्षांचा अनुभव.

नंबर मोठ्या पावलाचा घ्यायचा, म्हणजे तुमच्या उजव्याचा. आपल्याकडे चालतो तो इंग्रजी नंबर, त्यात एका नंबराचा फरक पाव इंचाहून जास्त, साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. बायकांच्या जोडात अर्धा नंबर बहुतेक दुकानांत मिळतच नाही. मग डाव्यात पातळ सुखतळा, म्हणजे आत ठेवायचा वेगळा तळ, घालायचा. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. बसून बघू नका, उभं राहिलं की पाऊल पसरतं. आपली पावलं इंग्रजी साच्यापेक्षा रुंद असतात हे आम्ही आधीपासून म्हणत होतो. चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा तेच निघालं. भारतीय मापाला ‘भा’ असं नावही सुचवलंय. ते दुकानात येईल तेव्हा येईल, तोवर कागद.

आता तीन गोष्टी हाताने करायच्या. बुटाची मागची बाजू चिमटीत दाबा, ती मऊ पडली तर टाच आत डगमगणार. मग पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. वाकला पाहिजे चवड्याशी, जिथे तुमचं पाऊल वाकतं तिथे. मध्येच घडी पडली तर परत ठेवा. मग ओला कपडा पिळतात तसा पिळून बघा. फडक्यासारखा पिळला गेला तर तुमच्या मोजडीचा भाऊच समजा.

आणि लोण्यासारख्या मऊ सोलला भुलू नका. दुकानाच्या गालिच्यावर दोन मिनिटं छान वाटतं. तुम्हाला तास-दीड तास नुसतं उभं राहायचंय, तेवढ्यात असला स्पंज दबून पापड होतो. अंगठ्याने दाबल्यावर जरा दबेल पण उलट ढकलेल, असा हवा.

सेल्समन म्हणाला ‘घालून घालून सैल होईल’, तर हसून पुढच्या दुकानात जा. मीही म्हणायचो. अस्सल चामडं रुंदीला थोडं देतं, लांबीला नाही. रेक्झिन कशालाच देत नाही.

आता साडीचं. बंद टाच, पुढून गोल, वरून पट्टा आणि बक्कल. आता त्याला मेरी जेन म्हणतात, आमच्याकडे ‘शाळेची बेल्टवाली’ म्हणायचे. टॅन किंवा मरून घ्या, इरकलच्या काठाला लागून दिसतो. टाच इंचभर, पण रुंद. नाहीतर टॅन चामड्याचा लेसवाला डर्बी. ऑक्सफर्ड नको, त्याच्या नाडीच्या पट्ट्या खाली शिवलेल्या असतात, रुंद पायाला उघडत नाहीत. डर्बीच्या उघडतात.

एक शेवटचं, हे मला एका गिऱ्हाईक आजींनी शिकवलं. साडी नेसायच्या आधी बूट घाला. तुम्ही अनवाणी नेसून वर बूट चढवत असाल तर साडी दीड इंच वर जाणारच. पीटीच्या बाई निम्म्या त्याने दिसतात.

रंकाळ्याचा

लोअर परळला राहतो, गाव कोल्हापूर. ताईंनी कोल्हापुरीला नावं ठेवली म्हणून लिहितोय.

कोल्हापुरी भिजवलीत ही चूक तिची नव्हे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं ते, त्यात खिळा नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. पाण्यात फुगणारच. घरात आधी एरंडेल चोळून रात्रभर ठेवायची, मग आठ दिवस रोज तासभर घरातल्या घरात घालायची. थेट फोर्टात उतरवलीत तर चावेल नाहीतर काय करेल? २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तिला, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने तसलंच पायताण दाखवलं ते आमच्या गावाचं नावसुद्धा न घेता. नंतर बोंब झाल्यावर कबूल केलं.

पण खरं सांगतो, तीन तास फरशीवर उभं राहायला मीही घालत नाही. टाच सपाट, सोल कडक. लग्नाला, ऑफिसच्या दिवाळीला, संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी मारायला. आठवड्यातले बाकीचे दिवस तिला द्या ताई, रविवार नको.

माळ्यावरून_खोका

रंकाळ्याचे साहेब, शंभर टक्के. फक्त चप्पल दुरुस्तीच्या गटई स्टॉलवर तिला खालून पातळ रबर लावून घेतलंत तर फूटपाथवर घसरत नाही आणि झिजत पण नाही.

रंकाळ्याचा

रबर लावलं की आवाज जातो काका. मग घालायचीच कशाला?

बॅग_आणि_सॅम्पल

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीची प्रतिनिधी, १४ वर्षं. दवाखान्यांबाहेर उभं राहण्यात हयात गेली. काकांनी बुटाचं सांगितलं, मी पायाचं सांगते.

फोड नुसत्या घासण्याने येत नाही, घामाने कातडी मऊ पडते आणि मग घासली की येतो. मुंबईत घाम टळत नाही. त्यामुळे सुती मोजे नकोत, ते घाम धरून बसतात. पातळ नायलॉनमिश्रित, बुटाच्या आत लपणारे मिळतात ते घ्या. जिथे नेहमी लागतं तिथे निघण्याआधीच मायक्रोपोर टेप (औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी) चिकटवा. लागल्यावर लावण्यात अर्थ नाही. टेप पर्समध्ये ठेवा, तुमच्या २२ माणसांतल्या कुणालातरी लागेलच.

एकच जोड रोज घालू नका, आतला ओलावा सुकायला दिवस जातो. पावसाळ्यासाठी वेगळा रबरी जोड हवाच, तिथे स्टाईल विसरा. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं.

आणि जुन्या जोडावर विश्वास ठेवू नका. माझी लग्नातली सँडल सहा वर्षं माळ्यावर खोक्यात होती, अगदी नवी. भाचीच्या साखरपुड्याला घातली आणि दादरच्या पुलावर तिचा सोल बिस्किटासारखा कुस्करला. पीयूचे (पॉलीयुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतात म्हणे. मी उरलेला पूल एका पायाने चप्पल फरपटत उतरले.

टाचेचं मात्र अंगावर काढू नका. सकाळचं पहिलं पाऊल दुखणं महिनाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, बुटावर भागवू नका.

सहा_बावीसची_लोकल

मंडळी, अहवाल.

नवऱ्याकडून रेघा मारून घेतल्या. (‘आता माझी पण मार’ म्हणाला. त्याचा आठ नंबर निघाला, तो १५ वर्षं सात घालतोय. असो.) शनिवारी साडेसहाला दादरला उतरले. कागदाची पावलं काढल्यावर दुकानातला मुलगा आधी हसला, मग त्याने दुसऱ्यालाही बोलावून दाखवलं. अकरा जोड काढले. सात तर कागदावरच बाद! दोन टाचेशी चिमटीत दाबले गेले. एक मध्येच वाकला. उरला एक: टॅन, बेल्टवाला, गोल, २,८५० रुपये. खरं सांगू, काउंटरवर बघून मी तो कधीच उचलला नसता. पायात छान दिसतो.

सहा नंबर घेतला. डाव्यात सुखतळा स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर ६० रुपयांत बसवला, त्या काकांनी पट्ट्याला एक जास्तीचं भोकही पाडून दिलं. आठ दिवस ऑफिसला घालून मग रविवारी घातला. बूट आधी, साडी नंतर. एशियाटिकच्या पायऱ्यांवर उभी राहून वीस मिनिटं बोलले आणि बोलता बोलता लक्षात आलं की मी पाय बदलतच नाहीये. डाव्या करंगळीला थोडं लागलं, तिथे आता टेप. टाच सोमवारी सकाळी गप्प होती.

रंकाळ्याचे दादा, तुमची कोल्हापुरी सुकवून एरंडेल लावून ठेवलीय.

आता नवीन भानगड. बुटाला टॅन पॉलिश केलं आणि ते नारायणपेठीच्या फॉलला लागलं, आतून गोल डाग. शिवाय बक्कलचं टोक निऱ्यांत अडकतं. काका?

माळ्यावरून_खोका

साडीखालच्या बुटाला रंगीत पॉलिश करायचंच नाही. बिनरंगी क्रीम आणा, शनिवारी रात्री लावा, सकाळी जुन्या सुती फडक्याने घासून काढा. फडक्यावर काही येईनासं झालं की साडीला लागणार नाही. बक्कलसाठी पट्ट्याचं उरलेलं टोक त्या गटईवाल्याकडून अर्धा इंच कापून घ्या आणि कडीत खोचा. निऱ्या मग अडकणार नाहीत. आणि नवऱ्याला आठ नंबर घ्यायला लावा, पण संध्याकाळी.