वंश, वर्ण की जात? उमेदवाराच्या ‘रेस’ला मराठीत काय म्हणायचं

लकडीपूल :
अमेरिकी निवडणुकांवरचं एक प्रकरण राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत करतो आहे. ‘उमेदवाराच्या रेसचा मतदारांच्या निवडीवर प्रभाव पडतो का’ या वाक्याशी गाडी अडलीय. वंश, वर्ण की जात? ‘रेसिझम’ला वंशवाद चालेल का? शेवटी पाहणीचा नमुना प्रश्नही द्यायचा आहे, तो याच शब्दांत बसला तर बरं.

नारायणपेठी :
वंशवाद नको. हिंदी वाहिन्यांच्या कृपेने तो शब्द घराणेशाहीला चिकटलाय. ‘वंशवादी राजकारण’ म्हटलं की आपल्या वाचकाला काका-पुतणे आठवतात, अलाबामा नव्हे. वंशद्वेष किंवा वर्णद्वेष लिहा.

‘रेस’ला वंशच, पण जपून. मराठीत हा शब्द तीन ठिकाणी राबतो. एक, कुळ : निर्वंश, वंशाचा दिवा. दोन, मूळ : ‘भारतीय वंशाचे ऋषी सुनक’. तीन, मानववंशशास्त्रातला. वर्तमानपत्रांनी दुसरा अर्थ इतका रुळवलाय की तिसरा मागे पडतो. कमला हॅरिस यांचंच घ्या. आई तमिळनाडूची, वडील जमैकाचे. आपल्याकडच्या मथळ्यांत त्या ‘भारतीय वंशाच्या’, तिकडच्या चर्चेत कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई दोन्ही. तुमच्या प्रकरणात देशाशी नातं सांगताना ‘मूळ’ वापरा (‘भारतीय मूळ असलेल्या’) आणि ‘वंश’ रेससाठी राखून ठेवा. हिस्पॅनिकांनाही (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्यांना) याचा उपयोग होईल. अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत हिस्पॅनिक असणं हा वंशाच्या प्रश्नातला पर्याय नव्हता, तो प्रश्नच वेगळा होता. ‘हिस्पॅनिक मूळ’ लिहिलंत की घोळ मिटतो.

वर्ण एकटा सोडू नका, लगेच चातुर्वर्ण्य आठवतं. कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय असा जोडूनच बरा. ‘गोरा उमेदवार’ तर अजिबात नको, ती लग्नाची जाहिरात वाटते.

कर्वेरोड :
जात तर नकोच. आपल्याच कायद्यात हे दोन शब्द शेजारी-शेजारी, पण वेगळे आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३) : धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या आधारे मत मागणं हा भ्रष्ट आचार. घटनेच्या कलम १५ आणि ३२५ मध्येही वंश आणि जात स्वतंत्र.

शब्दचर्चा चाललीच आहे म्हणून : या १२३(३)चं घोडं बरीच वर्षं एका सर्वनामावर अडलं होतं. ‘त्याच्या धर्माच्या’ आधारे, म्हणजे कोणाच्या? फक्त उमेदवाराच्या की मतदाराच्याही? मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९०च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी जानेवारी २०१७ मध्ये ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला : मतदाराच्याही.

आणखी एक अडचण सांगून ठेवतो. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या करारात रेस आणि डिसेंट (descent, म्हणजे कोणत्या कुळात जन्म झाला ते) असे दोन निराळे आधार आहेत. मराठीत दोन्हींना ‘वंश’ लिहिलं तर वंशद्वेषाविरुद्धच्या २००१च्या डर्बन परिषदेतला वाद विद्यार्थ्याला कळणारच नाही. दलित संघटनांचं म्हणणं होतं की जात डिसेंटमध्ये येते, भारत सरकारला ते मान्य नव्हतं. डिसेंटला ‘जन्मकुळ’ करा.

मुठाकाठ :
वंश ठीक. पण या वाक्यातला जास्त घातक शब्द ‘प्रभाव’ आहे. त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत : आपला माणूस म्हणून मत देणं, नकोसा म्हणून मत न देणं, आणि वंशावरून पक्षाचा किंवा धोरणाचा अंदाज बांधून मत ठरवणं. तिन्ही प्रकार मतमोजणीत सारखेच दिसतात. प्रकरणात तीन क्रियापदं वेगळी ठेवा.

आकडे देताना हीच चूक होते. २००८च्या मतदानोत्तर पाहणीत कृष्णवर्णीयांपैकी ९५ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं, श्वेतवर्णीयांपैकी ४३ टक्क्यांनी. नुसतं एवढंच छापलं तर ‘बघा, वंश!’ असं वाटतं. आता २००४ बघा. ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी, स्वतः श्वेतवर्णीय : कृष्णवर्णीयांत ८८, श्वेतवर्णीयांत ४१. म्हणजे दरीचा मोठा भाग पक्षाचा आहे, ओबामा येण्याआधीपासूनचा. १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराला श्वेतवर्णीयांचं बहुमत मिळालेलं नाही. वंशाचा परिणाम शोधायचा तर पक्ष तोच ठेवून उमेदवार बदलल्यावर काय हललं ते बघायचं. त्यातही २००८ला आर्थिक संकट आणि मावळते राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावरची नाराजी मिसळलेली आहे, त्यामुळे श्वेतवर्णीयांतली दोन टक्क्यांची वाढ म्हणजे ‘वंशद्वेष संपला’ असं नाही. अशा वातावरणात ती किती व्हायला हवी होती, हा खरा प्रश्न.

लकडीपूल :
मग सरळच विचारलं तर? ‘कृष्णवर्णीय उमेदवाराला मत द्याल का?’

मुठाकाठ :
गॅलप ही अमेरिकी जनमतचाचणी संस्था तेच विचारत आली आहे. १९५८ला ३८ टक्के ‘हो’, २०१२ला ९६ टक्के. यात मन किती बदललं आणि ‘नाही’ म्हणायची लाज किती वाढली, हे त्या प्रश्नातून वेगळं काढता येत नाही. शिवाय १९५८चा प्रश्न ‘निग्रो’ या शब्दाने विचारला होता, म्हणजे मोजपट्टीसुद्धा मध्येच बदललेली.

याच शंकेशी ‘ब्रॅडली परिणाम’ ही संज्ञा जोडलेली आहे. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, चाचण्यांत पुढे होते आणि साधारण सव्वा टक्क्याने पडले. लोक पाहणीवाल्याला एक सांगतात, मतपत्रिकेवर दुसरंच करतात, असा अर्थ लावला गेला. पण टपाली मतं विरोधकाने जोरात गोळा केली होती, आणि त्याच दिवशी पिस्तुलांवरच्या निर्बंधाचा प्रस्तावही मतदानाला होता, त्याने विरोधी मतदार बाहेर काढला. १९८९ला व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत चांगले पुढे असून सात हजारांहून कमी मतांनी निवडून आले. २००८ला मात्र चाचण्या आणि निकाल जवळपास जुळले. म्हणून ‘ब्रॅडली परिणाम’ हा नियम म्हणून शिकवू नका.

नमुना प्रश्न ‘यादी पद्धती’चा द्या. उत्तरदात्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्याला तीन ओळी :

पेट्रोलवरचा कर वाढणं
खेळाडूंना कोट्यवधींचं मानधन मिळणं
कारखान्यांनी नदीत सांडपाणी सोडणं

दुसऱ्या गटाला याच तीन आणि चौथी : ‘कृष्णवर्णीय व्यक्ती राष्ट्राध्यक्ष होणं’. दोघांनाही विचारायचं : यातल्या किती गोष्टी तुम्हाला खटकतात? कोणत्या ते सांगू नका. पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.१ आली, तर फरक ०.२, म्हणजे चौथी ओळ खटकणारे २० टक्के. एकेकट्याचं गुपित गुपितच राहतं.

फसतं कुठे? वरच्या तिन्ही ओळी सगळ्यांना खटकणाऱ्या असल्या तर दुसऱ्या गटातल्या माणसाला ‘४’ म्हणताच उघडं पडायला होतं, मग तो ‘३’ म्हणून मोकळा होतो. माझ्या यादीत तो धोका आहेच, सांडपाणी कोणालाही खटकतं. ती ओळ काढून फार थोड्यांना खटकेल अशी एखादी घाला. दुसरं, नमुना मोठा लागतो. उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती विखुरली आहेत याचं माप) ०.८ धरलं तर दर गटात ५०० माणसं घेऊनही त्या २० टक्क्यांवर अधिक-उणे १० टक्के चूक राहते. ती ५ वर आणायला दर गटात २,००० लागतील.

नारायणपेठी :
‘खटकतात’ योग्य निवडलंत. ‘राग येतो’ केलं असतं तर सौम्य नापसंती निसटली असती. फक्त दोन्ही गटांच्या कागदावर क्रियापद अक्षरशः एकच हवं. छपाईत एकीकडे ‘खटकतात’ आणि दुसरीकडे ‘आवडत नाहीत’ झालं, तर आलेला फरक वंशाचा की क्रियापदाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

लकडीपूल :
‘ब्लॉक व्होटिंग’ला एकगठ्ठा मतदान केलंय.

कर्वेरोड :
चालेल. पण अमेरिकी न्यायालयांत जे ‘रेशियली पोलराइज्ड व्होटिंग’ येतं, त्यालाही तेच वापरू नका. ते ‘वंशनिहाय दुभंगलेलं मतदान’. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स निकालात, मतदारसंघांच्या रचनेने अल्पसंख्यांचं मत बोथट होतं हे दाखवायला, तीन अटी आहेत : अल्पसंख्य गट एखाद्या मतदारसंघात बहुसंख्य होण्याइतका मोठा आणि सलग वस्तीचा हवा, तो राजकीयदृष्ट्या एकजूट हवा, आणि बहुसंख्य गट एकगठ्ठा मत देऊन त्याचा पसंतीचा उमेदवार सहसा पाडत असावा. एकगठ्ठा हा त्यातला एक तुकडा झाला, दुभंग दोन्ही बाजू मिळून होतो.